फुएगोच्या पायथ्याशी घर शोधताना आधी घळ बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर सांगता येईल. कोल्हापूरकडच्या साखर कारखान्यात चौदा वर्षं काढल्यावर तुम्हाला ग्वाटेमालातल्या एस्क्विंत्ला भागात दोन वर्षांचा करार मिळतोय. पत्नी आणि सात वर्षांची मुलगी सोबत येणार. कारखान्याची कॉलनी आहे. पण शाळा चांगल्या आहेत म्हणून अँटिग्वा शहरात घर भाड्याने घ्या, असं तिथले सहकारी सुचवतायत. नकाशावर बघितलं तर दोन्हीकडून फुएगो ज्वालामुखी जवळ. २०१८ च्या उद्रेकाचे व्हिडिओ बघून घरातली मंडळी ‘नकोच’ म्हणतायत. आणि तुम्ही विचारताय की फुएगो खरंच किती धोकादायक, आणि त्यातल्या त्यात सुरक्षित गाव कुठलं.

मी भूगर्भशास्त्र शिकले. दरडी, खचणारे उतार आणि पुनर्वसनाच्या जागा तपासणं हे काम गेली बावीस वर्षं करते आहे. त्यातली सात वर्षं ग्वाटेमालात गेली, आणि त्यातलीही बरीचशी फुएगोच्या पायथ्याच्या गावांत. मूळ गाव औसा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी अकरावीत होते. त्यामुळे घरच्यांचं ‘नकोच’ मला कळतं. त्यांची समजूत काढायला म्हणून हे लिहीत नाहीये. काय बघायचं ते कळलं तर निर्णय तुम्ही सगळे मिळून नीट घ्याल, एवढ्यासाठी लिहितेय.

गावाचं नाव मी सांगणार नाही, कारण गाव सगळंच्या सगळं सुरक्षित किंवा सगळंच्या सगळं धोक्यात, असं तिकडे क्वचितच असतं. एकाच गावात दोनशे मीटरवरची दोन घरं. एक पिढ्यान्‌पिढ्या उभं राहतं आणि दुसरं एका रात्रीत जातं. बरंच काही तुमची कॉलनी नेमकी कुठे आहे, घर कशाचं बांधलेलं आहे, कामावर जायचा रस्ता कुठला आणि महिना कोणता, यावर ठरतं. यातलं काहीच तुमच्या प्रश्नात नाही. म्हणून मी कशी विचार करते तेच सांगते.

देशाची घडण थोडक्यात. पॅसिफिक किनाऱ्यासमोर समुद्रतळाचा कोकोस भूपट्ट कॅरिबियन भूपट्टाखाली सरकतो. त्यातूनच किनाऱ्याला समांतर ज्वालामुखींची रांग उभी राहिली. फुएगो, पाकाया आणि सांतियागितो हे त्यातले सतत जागे असणारे तिघे. देशाच्या मधून मोताग्वा नदीचं खोरं जातं, तिथे कॅरिबियन आणि उत्तर अमेरिकन भूपट्ट एकमेकांना घासत सरकतात. पावसाळ्यात वादळं दोन्ही महासागरांवरून येतात. म्हणजे भूकंप, ज्वालामुखी, दरडी, पूर, सगळंच आहे. पण माणसं नेमकी कशात गेली ते एकेका घटनेत बघायला लागलं की चित्र बरंच स्पष्ट होतं.

अँटिग्वाच्या चौकात उभं राहिलं की दक्षिणेला एक सुरेख शंकू दिसतो. तो अग्वा. स्पॅनिशमध्ये अग्वा म्हणजे पाणी. त्याच्या पश्चिमेला फुएगो, म्हणजे आग. अग्वाचा उद्रेक झाल्याची माणसाच्या लेखी इतिहासात नोंदच नाही. तरी स्पॅनिशांची या खोऱ्यातली पहिली राजधानी याच अग्वाने गाडली. ११ सप्टेंबर १५४१ च्या रात्री, कित्येक दिवसांच्या पावसानंतर, उतारावरून चिखल, दगड आणि झाडांचा लोंढा आला आणि शहर त्याखाली गेलं. ती जागा आजच्या सिउदाद व्हिएहा गावाच्या परिसरात आहे. आगीचं नावनिशाण नव्हतं, नुसतं पाणी आणि उतार.

आता फुएगो. ३ जून २०१८, रविवार. सकाळपासून उद्रेक चालू होता, पण फुएगोच्या पायथ्याच्या लोकांना धूर आणि गडगडाट रोजचाच. दुपारी तापलेल्या राखेचे, दगडांचे आणि वायूंचे लोट लास लाहास नावाच्या घळीतून खाली उतरायला लागले. शेकडो अंश तापमान, आणि वेग असा की माणूस धावून सुटत नाही. आधीच्या लोटांनी घळ भरत गेली. पुढचे लोट वळणावर काठाबाहेर पडले आणि सान मिगेल लोस लोतेस या वस्तीवर गेले. ही वस्ती ज्वालामुखीच्या मुखापासून दहा-एक किलोमीटरवर होती. मृत आणि बेपत्ता धरून आकडा चारशेच्या वर जातो. रस्त्यावरच्या पुलावर उभं राहून लोक मोबाइलवर चित्रण करत होते, ते तुम्ही व्हिडिओत बघितलं असेल. त्याच घळीजवळचं एक गोल्फचं रिसॉर्ट मात्र त्याआधीच रिकामं झालं होतं. त्या दोन जागांमध्ये ज्वालामुखीपासूनच्या अंतराचा काही मोठा फरक नव्हता. एकीकडे निघायचं कधी हे आधी ठरलेलं होतं आणि न्यायला गाड्या होत्या, दुसरीकडे यातलं काहीच नव्हतं. हे लिहिताना आजही माझा हात जड होतो, कारण नंतर त्या वस्तीतून वाचलेल्या माणसांबरोबर मी काम केलं आहे.

अजून तीन जागा सांगते. स्टॅन वादळाच्या पावसात ५ ऑक्टोबर २००५ च्या पहाटे आतित्लान सरोवराकाठच्या पानाबाह वस्तीवर ज्वालामुखीच्या उतारावरून चिखल आला. शेकडो माणसं गाडली गेली, आणि शेवटी शोध थांबवून ती जागाच दफनभूमी मानावी लागली. १ ऑक्टोबर २०१५ च्या रात्री राजधानीला लागून असलेल्या सांता कातारिना पिनुलामधल्या एल काम्ब्राय दोस वस्तीवर कडा कोसळला; २८० च्या आसपास माणसं गेली. वस्ती नदीकाठी, उभ्या कड्याच्या अगदी पायाशी होती आणि धोक्याची सूचना काही वर्षं आधीपासून दिलेली होती. ५ नोव्हेंबर २०२० ला एटा वादळात आल्ता व्हेरापासमधल्या केहा गावावर दरड आली आणि पन्नासच्या वर माणसं तिच्याखाली गेली. तुम्हाला माळीण आठवेल. ३० जुलै २०१४, एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना. माळीण काय आणि केहा काय, ढिगाऱ्याजवळ उभं राहिल्यावर पायाखालची माती तशीच वाटते.

या सगळ्यांत समान काय? डोंगर पेटला की नाही यापेक्षा, वरचा ऐवज खाली कुठून येणार हे महत्त्वाचं ठरलं. तो घळीतून येतो, घळीच्या वळणावर बाहेर पडतो आणि घळीच्या तोंडाशी पंख्यासारखा पसरतो. वाईट हे की घळीच्या तोंडाची ती पसरट, मऊ उताराची जमीनच वस्तीला सगळ्यांत सोयीची असते. पाणी जवळ, माती कसदार, घर बांधायला सपाटी. ती सपाटी जुन्या लोंढ्यांनीच तयार केलेली असते. म्हणून कुठलीही जागा बघायला गेले की मी आधी डोंगराकडे पाठ करते आणि जमिनीकडे बघते. शेताच्या बांधावर, अंगणात, रस्त्याच्या कडेला माणसाएवढे, गाडीएवढे गोलसर दगड एकटेदुकटे पडलेले दिसले तर ते कोणी आणून ठेवलेले नसतात. विहिरीच्या किंवा रस्त्याच्या कापात बारीक वाळू, मग दगडगोटे, परत वाळू असे थर दिसले तर लोंढा इथे पूर्वी आलेला आहे आणि पुन्हा येऊ शकतो.

फुएगोच्या घळींची नावं पाठ करून ठेवा: सेका, सेनिसा, तानिलुया, त्रिनिदाद, लास लाहास, ओंदा, एल हुते. ज्वालामुखीच्या रोजच्या सरकारी बुलेटिनमध्ये हीच नावं येतात. तुमचं घर, कारखाना आणि मुलीची शाळा यांपैकी काय कुठल्या घळीच्या किंवा त्या घळीतून निघणाऱ्या नदीच्या जवळ आहे, हे कागदावर काढा. पश्चिमेकडच्या घळींचा गाळ पांतालेओन नदीत जातो, आणि ती नदी उसाच्या पट्ट्यातून वाहते. तुमचा कारखाना सिकिनाला किंवा सांता लुसिया कोत्सुमाल्ग्वापाच्या बाजूला असेल तर ती नदी तुमच्या रोजच्या बघण्यात येईल. पावसाळ्यात तिच्यातून राख-चिखलाचे लोंढे येतात. त्याला तिकडे ‘लाहार’ म्हणतात. एका ऑगस्टमध्ये मी तिच्या एका पात्राजवळ मोजमाप घेत होते. आमच्या डोक्यावर ऊन होतं. पाऊस वर डोंगरावर पडत होता. आधी जमिनीत हलकी थरथर जाणवली, मग वाळूचा ट्रक रिकामा होताना येतो तसा आवाज, आणि मग वळणावरून करडा चिखल आला. त्यावर वाफ होती, गंधकाचा वास होता आणि मोठमोठे दगड लाकडाच्या ओंडक्यांसारखे तरंगत येत होते. आम्ही काठावर उंच होतो म्हणून काही झालं नाही. तेव्हापासून कोरड्या पात्रात गाडी उभी करून कोणी डबा खाताना दिसलं तर मी ओळखदेख नसताना जाऊन त्यांना उठवते.

आता भूकंप, कारण तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही आणि माझ्या मते तुमच्या कुटुंबासाठी घर निवडताना तो फुएगोच्या आधी यायला हवा. ४ फेब्रुवारी १९७६ च्या पहाटे तीनच्या सुमारास मोताग्वा प्रस्तरभंगावर ७.५ तीव्रतेचा भूकंप झाला. जमीन सुमारे २३० किलोमीटर लांब चिरली. सुमारे २३,००० माणसं गेली, दहा लाखांहून जास्त बेघर झाली. केंद्र ईशान्येला होतं, पण चिमाल्तेनांगोसारख्या दूरच्या डोंगराळ भागातली गावं जमीनदोस्त झाली, कारण तिथली घरं मातीच्या कच्च्या विटांची आणि डोक्यावर जड कौलं. अदोबे म्हणतात त्या विटांना. किल्लारीत दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, तिकडे अदोबे आणि कौल. वेळही तीच, गाढ झोपेची. राजधानीत पक्क्या घरांत राहणारे बरेच जण वाचले, गरीब मेले. म्हणून त्या भूकंपाला वर्गाचा भूकंप असं नावच पडलं. त्यानंतर खेड्यापाड्यांत लोकांनी कौल सोडून पत्रा घेतला. हवामान आणि ज्वालामुखींवर नजर ठेवणारी इन्सिव्हुमे ही संस्थाही त्याच वर्षी स्थापन झाली.

अँटिग्वा तर भूकंपांनी घडलेलं शहर आहे. २९ जुलै १७७३ च्या भूकंपाने ते इतकं मोडलं की राजधानीच हलवून १७७६ मध्ये आजच्या जागी नेली. पडक्या चर्चच्या भिंती पर्यटक हौसेने बघतात. जुलै २०२५ मध्येही त्या परिसराला धक्के बसले, आणि अग्वाच्या उतारावरच्या सांता मारिया दे हेसुसमध्ये घरं पडली. धक्के मध्यम होते, पण घरं अदोबेची होती.

म्हणून अँटिग्वात घर बघताना फुएगो दिसतो का, हे नंतर विचारा. घर कशाचं आहे ते आधी विचारा. आणि मालकाच्या शब्दावर राहू नका. मी स्वतः तिथे घर बघत होते तेव्हा मालक ‘सगळं सिमेंट ब्लॉक आहे’ म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत असेल. भिंत हातभर जाड होती, गिलावा नवा होता, आणि खिडकीची खाच फार खोल होती. मी परवानगी घेऊन स्विचबोर्डाची पट्टी सोडवली, तर आत माती आणि गवताच्या काड्या. घर सुंदर होतं, मधोमध अंगण, कारंजं. मी ते घेतलं नाही. तुम्हाला हवं ते असं: ब्लॉकची भिंत, आत उभ्या सळ्या, आणि जोत्याला, मध्ये व छताखाली असे काँक्रीटचे आडवे पट्टे सगळ्या भिंतींना बांधून घेणारे. तिकडे या पट्ट्यांना सोलेरा म्हणतात. घर बघताना हा शब्द वापरा, समोरचा माणूस लगेच गंभीर होतो. तळमजल्यावर नुसते खांब आणि गाड्या, वर तीन मजले, असं असेल तर सोडा. गच्चीच्या कोपऱ्यावर पाण्याची मोठी टाकी असेल तर ती कशावर टेकली आहे बघा. आणि घर एखाद्या दरीच्या काठावर असेल तर नको. १९७६ ला त्या भूकंपाने हजारो दरडी पाडल्या. राजधानीच्या आजूबाजूचे कडे हलक्या सच्छिद्र ज्वालामुखीय राखेचे आहेत, आणि ते हादऱ्याने सुटतात.

राजधानीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कोणीतरी नक्की सुचवेल, म्हणून थोडंसं. शहर याच जाड राखेच्या थरावर वसलेलं आहे. मे २०१० मध्ये पाकायाचा उद्रेक झाला, शहरभर राख पडली, गटारं तुंबली, दोन दिवसांत अगाथा वादळाचा पाऊस आला, आणि शहराच्या दुसऱ्या झोनमध्ये एक इमारत गिळणारं गोल विवर पडलं. २००७ मध्येही असंच विवर पडलं होतं. जमिनीखालून गळणाऱ्या सांडपाण्याने राखेचा थर आतल्या आत धुऊन नेलेला होता. घर घेताना शेजाऱ्यांना विचारा की रस्ता कधी खचला होता का, फरशीखालून पाणी वाहिल्यासारखा आवाज येतो का. एवढं पुरे.

आता महिन्यांबद्दल, कारण इथे तुमच्यासारखा माणूस फसू शकतो. ग्वाटेमालात गळीत हंगामाला साफ्रा म्हणतात. तो नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतो आणि एप्रिल-मेपर्यंत चालतो, आपल्याकडच्यासारखाच. तुम्ही हंगामाला जाल. ते सहा महिने कोरडे. आकाश स्वच्छ, रात्री फुएगोची लाल ठिणगी गच्चीवरून दिसते, लोक खुर्च्या टाकून बघतात. या दिवसांत घर निवडलं तर प्रत्येक जागा चांगलीच वाटते, ओढे कोरडे आणि पूल उंच दिसतात. पाऊस मेमध्ये सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत राहतो. तिथले लोक पावसाळ्याला हिवाळा म्हणतात, तेव्हा ‘हिवाळ्यात इकडे पाणी येतं’ असं कोणी म्हणालं तर तो डिसेंबरबद्दल बोलत नाहीये. वर सांगितलेल्या घटनांच्या तारखा परत बघा: भूकंप सोडले तर जवळजवळ सगळ्या मे ते नोव्हेंबरातल्या आहेत. भाडेकरार करायच्या आधी त्या गल्लीतल्या दुकानदाराला विचारा की सप्टेंबरात इथे काय होतं.

आणि रस्ता. तुम्ही घराबद्दल विचारलंत, पण अँटिग्वात राहून एस्क्विंत्लाच्या पट्ट्यात रोज कामाला जाणार असाल तर तुमचा सगळ्यांत मोठा धोका बहुधा घरात नसून त्या प्रवासात आहे. अँटिग्वाहून आलोतेनांगोवरून एस्क्विंत्लाला उतरणारा जवळचा रस्ता लास लाहास घळ ओलांडतो. २०१८ ला जिथे लोक चित्रण करत उभे होते, तोच हा रस्ता. पावसाळ्यात आणि उद्रेकाच्या वेळी तो बंद होतो, आणि तो बंद झालेला असणं तुमच्या हिताचंच आहे. दुसरा मार्ग राजधानीकडून पालिनवरून जातो. तो लांब आहे, वाहतूक प्रचंड. जून २०२४ मध्ये तोही ४४ व्या किलोमीटरपाशी खचला होता. म्हणजे एखाद्या दिवशी तुम्ही खाली आणि बायको-मुलगी वर, मधले दोन्ही रस्ते बंद, ही शक्यता धरून चला. त्या दिवशी काय करायचं, शाळेतून मुलीला कोण घेणार, फोन नसेल तर कुठे भेटायचं, हे पहिल्याच आठवड्यात ठरवा.

तर मी तुमच्या जागी काय करेन? कॉलनी नदीपात्रापासून दूर आणि पात्राहून स्पष्ट उंच असेल, घरं ब्लॉकची असतील, तर आठवड्याचे कामाचे दिवस मी तिथे राहीन. कुटुंब अँटिग्वात ठेवेन, पण अग्वाच्या पायथ्याच्या वस्त्यांत किंवा नदीलगत नाही. गावाच्या सपाट भागातल्या, सळ्या आणि सोलेरा असलेल्या एकमजली घरात. पावसाळ्यात शुक्रवारी दुपारी, उजेड असताना वर जाईन आणि ढग दाटले असतील तर जाणार नाही. मुलीपासून पाच दिवस लांब राहणं कठीण आहे, ते मला मान्य आहे. ते जमणारच नसेल तर सगळे कॉलनीत राहा आणि शाळेची तडजोड करा. रोज ती घळ ओलांडण्यापेक्षा मला ते बरं वाटतं. कॉलनीच जर नदीच्या जुन्या पात्रात असेल, तर कंपनीकडे दुसरं घर मागा, आणि नाही म्हणाले तर करार नाकारा. हे मी विचारपूर्वक लिहितेय.

फुएगोशी रोजचा संबंध कसा ठेवायचा तेही सांगते. इन्सिव्हुमेचं बुलेटिन येतं. त्यात राखेच्या स्तंभाची उंची समुद्रसपाटीपासून दिलेली असते. ४,७०० मीटर वाचून घाबरू नका; फुएगोच ३,७६३ मीटर उंच आहे, म्हणजे स्तंभ जेमतेम एक किलोमीटरचा. असे दिवस नेहमीचे. उंची एकदम वाढली, लाव्हा एखाद्या घळीत उतरायला लागला, किंवा ‘फ्लुहो पिरोक्लास्तिको’ हे शब्द दिसले, तर ते तापलेल्या राखेचे लोट आहेत. त्या दिवशी त्या बाजूला जायचं नाही, आणि तिथे असाल तर कोणी सांगायची वाट न बघता निघायचं. आपत्ती निवारणाची राष्ट्रीय यंत्रणा कोनरेद. ती हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देते. तुमच्यासाठी नारिंगी म्हणजेच लाल समजा. गावपातळीवर प्रशिक्षित रहिवाशांच्या कोलरेद नावाच्या समित्या असतात. तुमच्या वस्तीतली कोण चालवतं ते शोधून त्यांना भेटा, चहा-कॉफीला बोलवा. मोठा उद्रेक होतोय हे बहुधा त्यांनाच आधी कळतं. फोन क्रमांक: कोनरेद ११९, स्वयंसेवी अग्निशमन दल १२२, नगरपालिकेचं १२३. भारताचा दूतावास राजधानीत आहे. पोहोचल्यावर तिघांची नोंदणी करा.

राख वाऱ्याने बहुतेक वेळा पश्चिमेला आणि नैऋत्येला जाते, म्हणून अँटिग्वात ती तुलनेने कमी पडते आणि तुमच्या कारखान्याकडे जास्त पडू शकते. ती चुलीतल्या राखेसारखी नसते, काचेचा चुरा असतो. एन-९५ मास्क आणि बंद चष्मे तिघांसाठी ठेवा, मुलीच्या मापाचे वेगळे. एसी बंद, पाण्याची टाकी झाकलेली. कोरडं फडकं फिरवू नका, आधी हलकं पाणी शिंपडा. छतावर साठली तर पाऊस यायच्या आत झाडून काढायची, पण पत्र्यावर चढून नाही. भिजलेली राख दहा सेंटीमीटर साठली तर एका चौरस मीटरवर शंभर ते दोनशे किलो भार होतो. तीन दिवस पुरेल अशी पिशवी दाराशी ठेवा: पाणी, औषधं, टॉर्च, रोख केत्साल (तिथलं चलन), पासपोर्टच्या प्रती, मुलीचं एक आवडतं पुस्तक. आणि सहकारी शेजारच्या आकातेनांगो डोंगरावर फुएगो बघायला चढूया म्हणतील. हवामान बघून, गरम कपडे घेऊन आणि माहितगार वाटाड्याबरोबरच जा; जानेवारी २०१७ मध्ये तिथे सहा जण थंडीने गेले. जवळजवळ चार हजार मीटर उंची आहे.

एवढं झाल्यावर एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही पण ज्यासाठी मी इतकं लांब लिहीत बसले. तुम्ही तिथे साहेब म्हणून जाणार आहात. ऊस तोडायला येणारी माणसं डोंगरातून येतात, बाहा व्हेरापास, कीचे या भागांतून. पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये पावसात खंड पडतो. तो लांबला की मका वाळतो, घरात धान्य राहत नाही आणि माणूस कामाला बाहेर पडतो. बीडहून कोयता घेऊन निघणाऱ्या जोड्या तुम्ही आयुष्यभर बघितल्या आहेत, तुम्हाला यात वेगळं सांगायला नको. २०१४-१५ च्या आरोग्य पाहणीत ग्वाटेमालातली पाच वर्षांखालची ४६.५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती. दुष्काळाचे व्हिडिओ कोणी बघत नाही, पण तिथली सगळ्यांत मोठी आपत्ती मला तीच वाटते. मध्य अमेरिकेच्या त्या किनाऱ्यावर मधुमेह नाही, रक्तदाब नाही अशा तरुण तोडकऱ्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. उन्हातली मेहनत आणि पाण्याची कमतरता यांचा त्यात मोठा हात मानला जातो.

हीच माणसं पत्र्याच्या खोल्यांत, स्वस्त जमिनीवर, म्हणजे बहुतेकदा पात्राच्या कडेला राहतात. बुलेटिन वाचणारा माणूस आणि बस ज्याच्या हाताखाली आहे तो माणूस एकच असेल तर फार फरक पडतो. २०१८ ला तो पडताना आणि न पडताना, दोन्ही मी जवळून बघितलं आहे. तेव्हा करारावर सही करायच्या आधी कंपनीला लेखी विचारा: कॉलनी कुठल्या नदीपासून किती मीटरवर आणि पात्रापासून किती उंचीवर आहे. कुटुंबाला हलवायची वेळ आली तर वाहन कोणाचं. तोडकऱ्यांच्या बराकी कुठल्या काठावर आहेत. नारिंगी इशारा आला तर रात्री त्यांना उठवायला कोण जाणार, आणि त्यांच्यासाठी किती बस उभ्या असतील.

उत्तरं आली की कॉलनीचा आणि अँटिग्वातल्या घरांचा नकाशावरचा ठिपका आणि घराच्या भिंतींचे, छताचे, मागच्या ओढ्याचे फोटो इथेच टाका. मी बघून सांगते.